दोन्ही टोकं एकाच घरात

थोरला भाऊ गेल्यापासून आई वहिनीशी थेट बोलत नव्हती. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. वहिनी गॅसपुढे, आई उंबऱ्यात आणि मी मधल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसलेला. आई मला म्हणायची, "सांग तिला, दूध उतू चाललंय." दूध वहिनीच्या डोळ्यांसमोर असायचं आणि आईचा आवाजही तिच्या कानावर पडलेला असायचा. तरी मी "वहिनी, दूध" असं म्हणायचो, कारण नाही म्हटलं तर आई दिवसभर माझ्याशीही अबोला धरायची.

वहिनीने मात्र हा खेळ एकदाही खेळला नाही. ती सरळ विचारायची, "आत्याबाई, बीपीची गोळी घेतली का?" उत्तर माझ्याकडे बघून यायचं. "घेतली म्हणावं." मी पुन्हा वहिनीकडे बघून म्हणायचो, "घेतली." एखाद्या परक्या माणसाने खिडकीतून पाहिलं असतं तर तिघंही वेडी आहेत असं तो समजला असता, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

माझं पोट भरण्याचं कामही याच जातीचं. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी केजजवळच्या आमच्या गावात बसून करतो. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असताना बोलणं मध्येच तुटलं, अर्धंच पोचलं, उशिरा पोचलं, तर पुढे काय करायचं हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहितो. गावात कुणी विचारलं तर मी "मोबाईलचं काम" एवढंच सांगतो. मग लोक चार्जर दुरुस्तीला घेऊन येतात.

भावाचं असं झालं. आमची विहीर घरापासून लांब, ओढ्यापलीकडे आहे. तिथल्या मोटरीवर त्याने मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवला होता. घरी बसून फोनवरचं बटण दाबायचं, तिकडे मोटर लागते. लाईट आली की मोटर आपोआप लागावी अशी सोयही त्यात असते. गावातले बहुतेक जण तीच लावून ठेवतात. भावाने ती मुद्दाम बंद ठेवली होती. आपण विहिरीवर असताना मोटर लागायला नको, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

त्या दिवशी सकाळी तो डेअरीला दूध घालायला गेला होता आणि स्टार्टरचा फोन घरी होता. वहिनीने मोटर लावायला बटण दाबलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं, म्हणून तिने पुन्हा दाबलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. मोटर लागेपर्यंत बटण दाबत राहायचं, जसं जीपवाल्याने थांबावं म्हणून लांबून हात करत राहायचा. पण लाईट नेमकी तेव्हाच गेली होती. टॉवरच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या, त्यामुळे लाईट गेली की आमच्या गावाची रेंजही जाते. भाऊ परत आला. वहिनी म्हणाली, "मोटर लागली न्हाई." तो म्हणाला, "लाईटच न्हाई तर लागंल कशी? बरंच झालं. तेवढ्यात हिरीत उतरून मोटरीखालची जाळी साफ करून येतो, लई शेवाळ धरलंय." आणि तो गेला.

आमच्या भागात माणूस एक वेळ देवावर भरवसा ठेवणार नाही, पण गेलेल्या लाईटवर ठेवतो. लाईट गेली म्हणजे ती लवकर येणार नाही, हे इतकं पक्कं असतं की विहिरीत उतरताना फ्यूज काढायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या दिवशी लाईट लवकर आली. तिच्यामागून रेंज आली, फोनमध्ये अडकून पडलेले निरोप निघाले, आणि मोटर लागली. पाण्यातल्या वायरचा एक जोड उघडा पडला होता आणि भाऊ त्याच पाण्यात होता.

स्टार्टर बिघडला असेल, अशी आधी सगळ्यांची समजूत होती. मग फोन तपासताना वहिनीने बटण दाबल्याचं कळलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. भावकीतल्या एका चुलतभावाने मला केजच्या बाजारात, भाजीची पिशवी हातात असताना विचारलं, "कावून रं, तुज्या वहिनीला येवढी कसली घाई व्हती? दाबीतच ऱ्हायली म्हने." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. पण गावभर त्या 'दाबीतच ऱ्हायली'चीच चर्चा होती. एकदा दाबलं असतं तर चाललं असतं, जणू पुन्हा पुन्हा दाबल्यानेच माणूस मेला.

आईने घरात तेवढं एकच वाक्य ठेवून घेतलं. "माझं लेकरू तिच्या बोटानं गेलं." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच. वहिनीला मूल नव्हतं, त्यामुळे तिला या घराशी बांधणारं दुसरं काही नाही, असंही लोक बोलायला लागले. वर्षश्राद्ध झालं की वहिनीच्या भावाला तलवाड्याहून बोलवायचं आणि तिला माहेरी पाठवायचं, असं आईने ठरवलं. ठरवलं तेही माझ्यामार्फतच. "सांग तिला, श्राद्ध झालं की भाऊ येईल न्यायला." मी सांगितलं नाही. वहिनी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

मला ती जायला नको होती. हे मी कुणाला सांगत बसलो नाही, पण तसंच होतं. मी केजला कॉलेजात होतो तेव्हा तिने रोज माझा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला. डब्यात भाजी दोन वाट्या असायची, एक मला आणि एक खोलीवरच्या जोडीदाराला, कारण त्याला डबा पाठवणारं कुणी नाही हे मी तिला एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. असं माणूस घरातून काढायचं आणि तेही हा आळ घालून, याचा मला संताप यायचा. आईवर चिडून उपयोग नव्हता. आपलेच दात आपलेच ओठ. मग मी बीड गाठलं.

स्टार्टर बनवणारा माणूस बीडबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. मी भांडायला गेलो होतो, पूर्ण तयारीने. तो माझ्याच वयाचा निघाला. मी कोण आणि कशासाठी आलो हे सांगितल्यावर त्याने आधी खुर्ची पुसून दिली. मग म्हणाला, "सर, आमच्या सगळ्या चाचण्या पास आहेत."

"माझा भाऊ नापास झाला," मी म्हणालो.

त्याने अख्खा प्रोग्राम पेनड्राईव्हवर घालून माझ्यापुढे ठेवला. भांडण सोडाच, मला तिथला एक कपही फोडता आला नाही.

घरी येऊन मी त्या चाचण्या चालवल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या पास. कशामुळे, तेही लगेच दिसलं. आमच्या धंद्यात खऱ्या नेटवर्कवर चाचण्या घेत बसत नाहीत. खरं नेटवर्क सावकाश चालतं, लहरी असतं, आज एक सांगतं आणि उद्या दुसरं. म्हणून कॉम्प्युटरच्या पोटातच एक नकली जोडणी करतात. तार नाही, टॉवर नाही. फोन म्हणून बोलणारं टोकही त्याच मेमरीत आणि स्टार्टर म्हणून ऐकणारं टोकही तिथेच. सोयरीक ठरवताना मुलाकडून आणि मुलीकडून एकच माणूस बोलत असावा, तसं. अशा बैठकीत कधी काही बिनसत नाही.

यात गैर काही नाही. मीही रोज तेच करतो. पण नकली जोडणी करणाऱ्याला खऱ्या जोडणीची खोड माहीत असावी लागते. त्या पोराच्या जोडणीत दोनच गोष्टी होत होत्या. निरोप एक तर तत्काळ पोचायचा, नाही तर 'पोचला नाही' असं तत्काळ कळायचं. आमच्या गावात होते ती तिसरी गोष्ट त्यात नव्हतीच. निरोप निघतो, कुठेतरी अडकतो, पाठवणारा त्याला विसरूनही जातो, आणि मग तो सावकाश येऊन पोचतो. उशिरा आलेला निरोप शिळा झाला का, हे स्टार्टर विचारतच नव्हता. आला की पाळायचा, एवढंच त्याला ठाऊक.

मी ती जोडणी आमच्या गावासारखी करायला घेतली. निरोप हातात धरून ठेवणारी आणि मी म्हणेन तेव्हा सोडणारी. सोबत एक नकली घड्याळही लावलं, म्हणजे तासभर वाट बघायची असेल तर खरा तास घालवावा लागत नाही, क्षणात तास जातो. मग ती सकाळ ओळीने मांडली. बटण दाबलं. लाईट गेली. रेंज गेली. वेळ गेला. लाईट आली. रेंज आली. निरोप सुटला. मोटर चालू.

मधल्या 'वेळ गेला' या ओळीपाशी मी थांबलो. त्या ओळीत माझा भाऊ विहिरीत उतरत होता. शर्ट काढून काठावर ठेवत होता. त्याच्यासाठी प्रोग्राममध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिणार तरी काय. मी चाचणी पुन्हा चालवली, कारण चाचणी एकदा चालवून विश्वास ठेवायचा नसतो असं आम्हाला शिकवलेलं असतं. पुन्हा मोटर चालू. आणखी पुन्हा, तरी तेच. एक चहा होईपर्यंत मी त्याला कितीदा मारला देव जाणे. शेवटी लॅपटॉप तसाच उघडा टाकून गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

बीडच्या पोराला मी फोन केला. शिळा निरोप टाकून द्यायचा, एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं, चार ओळींचं काम होतं. तो म्हणाला, आजच सगळीकडे बदलतो. मग म्हणाला, "थँक यू सर." मी फोन ठेवून दिला.

आता घरात दाखवायचं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी पडद्यावर एक मोठा गोळा केला. मोटर बंद असेल तर काळा, लागली की लाल. आणि इथे माझ्या मनात पाप आलं. नकली जोडणी माझ्याच मुठीत होती. मी म्हणेन तसंच ती वागणार. बटण न दाबताही गोळा लाल झालेला दाखवायला कितीसा वेळ लागतो? मशीनने आपलं आपण केलं, कुणाच्या बोटाचा संबंध नाही, असं एकदा आईने डोळ्यांनी पाहिलं की संपलं. वहिनी राहिली असती. मी ती ओळ लिहूनही ठेवली. फक्त चालू करायची बाकी होती.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी मी दोघींना बोलावलं. वहिनी पदराला हात पुसत आली आणि माझ्याशेजारी बसली. आई आत आलीच नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून, तोंड अंगणाकडे करून बसली. पण कान आत होते, ते मला तिच्या मानेवरून कळत होतं.

मी सांगितलं, हा फोन, हा स्टार्टर, दोन्ही या डब्यातच आहेत, खरी मोटर कुठे नाही. तुम्ही त्या दिवशी दाबलं तसं दाबतो. मी तसं केलं. लाईट गेली, वेळ गेला, लाईट आली. गोळा लाल झाला. वहिनीच्या तोंडून बारीकसा आवाज आला, चटका बसल्यावर येतो तसा. मी तिला सांगितलं की यात चूक निरोप उशिरा पाळणाऱ्या स्टार्टरची आहे, हे बनवणाऱ्यानेही कबूल केलंय.

ती पडद्याकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "म्या एकदाच दाबलं असतं तर?"

मी एकदाच दाबून दाखवलं. गोळा लाल झाला. सगळ्या गावाचं तोंड त्या एका गोळ्याने बंद झालं असतं. वहिनीने श्वास सोडला. वर्षभर ती तो धरून बसली होती असं मला वाटलं.

"आन दाबलंच नसतं तर?"

हाच प्रश्न मला नको होता. बोट कीबोर्डवर होतं. लिहून ठेवलेली ओळ तिथेच होती. वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "भावजी, खरं हाय ते दाखवा."

मी खरं ते दाखवलं. लाईट गेली, वेळ गेला, लाईट आली, रेंज आली. गोळा काळाच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. "बंदच ऱ्हाती की," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

तेव्हा दारातून आई बोलली. तोंड अजून अंगणाकडेच होतं. "ती न्हवती दाबणार."

मला आधी काही कळलंच नाही.

"ती म्हनत व्हती, त्येंला येऊ द्या, त्येच लावतील. म्याच म्हनले, त्यो येईस्तोर लाईट थांबती व्हय? दाब. लागंना तर म्हनले, अजून दाब. हात धरून दाबायला लावलं म्या." मग तिने हळूहळू चौकटीवर डोकं आपटायला सुरुवात केली. जोरात नाही, ठेक्यात.

वर्षभर मी या दोघींचे निरोप पोचवत होतो. हा एक कधी माझ्याकडे आलाच नव्हता, ना इकडून ना तिकडून. आईने आपल्या मनातलं सगळं त्या बोटावर ढकललं होतं, हे मी एक वेळ समजू शकलो. पण वहिनी? लोक तोंडावर बोलत होते, चुलतभाऊ बाजारात बोलत होता, आणि हिने एकदाही म्हटलं नाही की मला दाबायला कुणी लावलं.

वहिनी उठली, आईच्या डोक्यामागे तिने आपला हात घातला. आईचं डोकं त्या तळव्यावर आपटायला लागलं आणि मग थांबलं. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"बोलून काय व्हनार व्हतं? त्येंचं लेकरू गेलतं. आजून काय काढून घ्यायचं व्हतं त्येंच्याकून?"

मला वाटलं, सुटलं. इतकं खरं बोलून झाल्यावर आता ही कशाला जाईल? श्राद्धाला भावकी जमली तेव्हा आईने सगळ्यांदेखत सांगितलं की तिच्या सुनेचा दोष नाही, दाबायला तिनेच लावलं होतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बाजारातला तो चुलतभाऊ पत्रावळीत मान घालून जेवत राहिला. आईला सगळ्यांपुढे असं बोलताना बघून मला तिचा अभिमान वाटला, आणि तिची दयाही आली.

आधी ठरल्याप्रमाणे दुपारी तलवाड्याहून वहिनीचा भाऊ जीप घेऊन आला. मी त्याला परत पाठवायच्या तयारीत होतो. पण वहिनीची पेटी भरून दाराशी आलेली होती. मी तिला आत गाठलं आणि हात जोडून म्हणालो, आता कशाला, आता तर सगळं साफ झालं. ती पदर खोचत म्हणाली, "म्हनून तर. डाग घेऊन गेले असते तर लोक म्हनले असते, मारून पळाली. म्हनून बसून व्हते वर्षभर. आता जाता येतं मला."

मी गोळे लाल-काळे करत बसलो होतो ते तिला थांबवायला. तिला ते पाहिजे होतं ते निघायला. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

ती अंगणात आली. आई पायरीशी उभी होती, हातभर अंतरावर. आईने वर्षात पहिल्यांदा वहिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ तिलाच म्हणाली, "ऱ्हा गं माय. जाऊ नगंस."

वहिनी खाली वाकली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठली. मग माझ्याकडे वळली.

"भावजी, आत्याबाईंला सांगा," ती म्हणाली, "जाते म्हनावं."

आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी सांगितलं.